ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्र: गावाच्या आरोग्यासाठी दोघांनी मिळून काम कसं करायचं

पावसाळ्याच्या तोंडावर एकाच आळीतून जुलाबाचे सहा रुग्ण उपकेंद्रात येतात. आरोग्य सेविका ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या देते, नोंदवहीत नावं लिहिते. त्या आळीचा व्हॉल्व्ह गटाराच्या पाण्यात बुडालेला आहे हे ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला ठाऊक असतं. पण तिथले सहा जण आजारी पडलेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. माहिती आरोग्य खात्याकडे आणि व्हॉल्व्हचा पाना ग्रामपंचायतीकडे, अशी ही विभागणी महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आहे. दोघांना दर महिन्याला एका टेबलावर कसं आणायचं, बोलायचं काय, पैसा कुठून काढायचा आणि गाडी कुठे अडते, ते इथे क्रमाने दिलं आहे. सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), समुदाय आरोग्य अधिकारी (उपकेंद्राचे प्रमुख) आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी हे लिहिलं आहे. हिशेबाला सोपं जावं म्हणून सगळीकडे २,४०० लोकवस्तीचं गाव धरलं आहे.

आधी अधिकार कुणाकडे ते पाहा

राज्यघटनेच्या ७३व्या दुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. पिण्याचं पाणी, आरोग्य व स्वच्छता, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास हे सगळे त्यात येतात. प्रत्यक्ष वाटणी मात्र राज्यागणिक वेगळी आहे. केरळने १९९६च्या लोकनियोजन मोहिमेत प्राथमिक आरोग्य केंद्रं थेट ग्रामपंचायतींकडे दिली. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे आहेत, तर नळयोजना, गटारं, कचरा आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे. म्हणजे सरपंच डॉक्टरांचे वरिष्ठ नाहीत आणि डॉक्टरांनी पत्र दिलं म्हणून ग्रामपंचायतीचं काम आपोआप होत नाही. हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं की बैठकीतली निम्मी तणातणी संपते.

दोघांना जोडणाऱ्या समित्या कागदावर आधीच आहेत. नवीन समिती काढायच्या भानगडीत पडू नका.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ही महसुली गावाच्या पातळीवरची. तिच्यात पंचायत सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका आणि बचत गटाच्या महिला असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून तिला वर्षाला कमाल १०,००० रुपये अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा निधी मिळतो.

जन आरोग्य समिती ही उपकेंद्र पातळीच्या आयुष्मान आरोग्य मंदिराची. तिचे अध्यक्ष सरपंच, सहअध्यक्ष प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि सदस्य सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. आपण या समितीचे अध्यक्ष आहोत हेच कित्येक सरपंचांना कुणी सांगितलेलं नसतं.

रुग्ण कल्याण समिती प्राथमिक आरोग्य केंद्राची, तीस हजार लोकसंख्येच्या परिसरासाठी. डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजारांच्या.

कोणता प्रश्न कुठे न्यायचा याचा नियम सोपा आहे. गावातली गटारं, पाणी, पोषण पहिल्या समितीत. उपकेंद्राची वीज, पाणी, वेळा, औषधं दुसऱ्या समितीत. प्रयोगशाळा, प्रसूतीकक्ष, रुग्णवाहिका तिसऱ्या समितीत. उपकेंद्राचा नळ तुटल्याची तक्रार थेट जिल्हा परिषदेत नेली की महिने जातात. जन आरोग्य समितीत ती एका बैठकीत सुटते.

पहिली पायरी: समिती जिवंत करा

पहिल्या महिन्यात एवढीच कामं उरका.

१. समितीची सध्याची यादी काढा. गाव सोडून गेलेले, पदावरून उतरलेले आणि नुसते नावापुरते असलेले सदस्य ओळखा.

२. ग्रामसभेत ठराव करून जागा भरा. प्रत्येक वाडी, वस्ती, तांडा आणि पाडा यातून किमान एक व्यक्ती घ्या. गावठाणातलीच माणसं भरली तर वस्तीवरच्या बोअरवेलचं पाणी कुणीच तपासायला लावत नाही.

३. बँक खात्यावरच्या सह्या बदलून घ्या. सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते. निवडणूक झाली, पदाधिकारी बदलले, पण बँकेत जुन्याच सह्या राहिल्या. पैसे काढता येत नाहीत, खर्च होत नाही, उपयोगिता प्रमाणपत्र जात नाही आणि पुढचा हप्ता थांबतो. ठरावाची प्रत, नवीन सह्यांचे नमुने आणि ओळखपत्रं घेऊन संबंधित दोघांनी एकाच दिवशी बँकेत जा. एक आज आणि दुसरा पुढच्या आठवड्यात गेला की अर्ज हमखास पडून राहतो.

४. बैठकीचा दिवस कायमचा ठरवा. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस अंगणवाडीत दर महिन्याला होतोच आणि लसीकरणासाठी आरोग्य सेविका, आशा, अंगणवाडी सेविका त्या दिवशी तिथे असतातच. त्याच दिवशी दुपारी बैठक ठेवली तर कुणाला वेगळा फेरा पडत नाही.

दुसरी पायरी: एका पानावर गावाचे आकडे

बैठकीआधी दोन्हीकडचे आकडे एकाच कागदावर यायला हवेत. समुदाय आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी मिळून तो भरावा. पान एकच असू द्या, कारण चार पानांचा अहवाल कुणी वाचत नाही.

आरोग्याकडून: महिनाभरातले जुलाब, ताप, कावीळ यांचे रुग्ण वस्तीनिहाय, लसीकरणातून सुटलेली बालकं, नोंदणी झालेल्या गरोदर माता आणि त्यातल्या जोखमीच्या, तीस वर्षांवरच्या किती जणांचा रक्तदाब आणि साखर तपासली, थुंकीच्या किती तपासण्या झाल्या. अंगणवाडीकडून: किती बालकांचं वजन-उंची घेतली, तीव्र कुपोषित किती. ग्रामपंचायतीकडून: पाणी किती दिवस सोडलं, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती दिवस टाकलं, गळत्या किती सापडल्या आणि किती दुरुस्त झाल्या, कोणत्या आळीचं गटार तुंबलेलं आहे.

प्रत्येक आकड्यापुढे एकूण किती पैकी ते लिहा. ‘रक्तदाब तपासणी ४५’ यातून काही कळत नाही. ‘तीस वर्षांवरचे १,१०० पैकी ४५’ लिहिलं की काम किती बाकी आहे ते दिसतं. आकडे वस्तीनिहाय असणंही तितकंच गरजेचं. पूर्ण गावाचं लसीकरण ९२ टक्के असेल आणि सुटलेली सगळी मुलं ऊसतोड कामगारांच्या किंवा वीटभट्टीवरच्या वस्तीतली असतील, तर गोवराची साथ तिथेच येणार. स्थलांतरित कुटुंबांची यादी ग्रामपंचायतीने द्यावी. कोण कधी आलं आणि कुणाच्या शेतात उतरलं हे पंचायतीला आधी कळतं.

एक बंधन कडक पाळा: या पानावर रुग्णाचं नाव लिहायचं नाही. क्षयरोग, एचआयव्ही, कुष्ठरोग, मानसिक आजार, गर्भपात, किशोरवयीन मुलीची तपासणी यांची नावं बैठकीत आणि ग्रामसभेत उच्चारायची नाहीत. छोट्या गावात ‘खालच्या आळीतली एक विधवा’ एवढं म्हटलं तरी ओळख फुटते. नाव एकदा बाहेर गेलं की पुढचे रुग्ण उपकेंद्राची पायरी चढत नाहीत आणि ते नुकसान वर्षानुवर्षं भरून येत नाही. अडचण एखाद्या रुग्णाचीच असेल तर आशा आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांनी रुग्णाला विचारून, फक्त संबंधित माणसाशी बोलावं.

तिसरी पायरी: बैठक

सव्वा तास पुरे. पहिली पंधरा मिनिटं मागच्या महिन्याच्या कामांची. पुढची वीस मिनिटं आकड्यांच्या पानाची. उरलेल्या वेळात जास्तीत जास्त तीन कामं ठरवा. दहा ठरवली तर एकही होत नाही.

कामांच्या वहीत चार रकाने ठेवा: काम, कोण करणार, पैसा कोणत्या शीर्षातून, कोणत्या तारखेपर्यंत. ‘कोण करणार’ या रकान्यात ‘ग्रामपंचायत’ किंवा ‘आरोग्य विभाग’ लिहिलेलं चालणार नाही, तिथे माणसाचं नाव हवं. ‘मारुती मंदिरामागचा व्हॉल्व्ह चेंबर उंच करणे’ यापुढे पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचं नाव, ग्रामनिधी आणि १५ तारीख असं लिहिलं की पुढच्या बैठकीत विचारणा नेमकी होते.

बैठकीत आशा आणि सेविका गप्प बसल्या तर समजा की रचना चुकली आहे. घरोघर जाणाऱ्या त्याच असतात. आकडे वाचून झाले की पहिला शब्द आशांना द्या, सरपंचांनी शेवटी बोलावं. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुतांश अल्पशिक्षित बायकांच्या हाती गावाचं आरोग्य सोपवून दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन बालमृत्यू कमी केले. दोन्हीकडे घरात शिरणाऱ्या बाईच्या निरीक्षणाला मोल दिलं गेलं. आपल्या समितीनेही तेवढं तरी करावं.

पाणी: सुरुवात इथूनच करा

भागीदारीचं पहिलं काम पाण्याचं घ्या. त्यात दोघांचाही वाटा स्पष्ट आहे, खर्च कमी आहे आणि परिणाम एका पावसाळ्यात दिसतो.

टीसीएल ताजी असते तेव्हा तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हवा आणि ओल लागली की ते उडून जातं. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं ठेवलेली गोणी पावसाळ्याअखेर नुसता चुना उरते, आणि तरी तीच रोज टाकीत पडत राहते. नोंदवहीत ‘टीसीएल टाकले’ अशी सही असते आणि नळाला क्लोरीन शून्य असतं. म्हणून आरोग्य सेवकाने प्रत्येक नव्या गोणीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. २० टक्क्यांच्या खाली क्लोरीन निघालं तर ती गोणी वापरातून काढा. साठा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये, कोरड्या अंधाऱ्या जागी आणि जमिनीपासून उंचावर ठेवा. सहा महिन्यांची खरेदी एकदम करू नका.

मात्रेचा हिशेब असा. ३३ टक्क्यांच्या पावडरसाठी हजार लिटरला ५ ग्रॅम हा सुरुवातीचा अंदाज. टाकी ५०,००० लिटरची असेल तर २५० ग्रॅम. पावडर २२ टक्क्यांवर आली असेल तर हजार लिटरला साडेसात ग्रॅम, म्हणजे त्याच टाकीला ३७५ ग्रॅम. विहिरीचं पाणी काढायचं तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, म्हणजे लिटर मिळतात. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ३७,७०० लिटर, म्हणजे चांगल्या पावडरचे १९० ग्रॅम. मूठभर टाकण्याची पद्धत बंद करा आणि टाकीजवळ एक साधा तराजू किंवा खूण केलेलं माप ठेवा.

टाकण्याची रीत: प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर घ्या, थोडं पाणी घालून गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरा. नीट ढवळून दहा मिनिटं स्थिर ठेवा. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणीच टाकीत ओता, चुन्याचा गाळ टाकीत जाऊ देऊ नका. यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही, कारण जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच. सकाळी सहाला टीसीएल टाकून सव्वासहाला व्हॉल्व्ह उघडणं ही नेहमीची चूक. त्यावर उपाय म्हणजे टाकी रात्री भरतानाच द्रावण घालणं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतं, त्यामुळे पहिल्या पावसानंतर मात्रा वाढवावी लागते.

मात्रा बरोबर होती की नाही हे फक्त नळावर कळतं. ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनच्या (ओटी) द्रावणाने पाण्यातलं क्लोरीन तपासणं, तिथे करा. टेस्टच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, ओटीचे थेंब टाका आणि पिवळा रंग लगेच तक्त्याशी ताडून पाहा. पहिल्या दहा सेकंदांतला रंग मोकळं क्लोरीन दाखवतो. उशिरा पाहिलं तर इतर पदार्थांशी बांधलं गेलेलं क्लोरीनही त्यात मिसळतं आणि आकडा उगाच जास्त दिसतो. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं. ओटीचं द्रावण आरोग्याला घातक आहे. ते हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी पिण्याच्या भांड्यांपासून दूर फेका.

टेस्ट रोज किमान तीन ठिकाणी व्हावी: टाकीजवळचं घर, मधलं घर आणि ओळीतलं सर्वांत शेवटचं घर. टाकीजवळ ०.५ आणि शेवटच्या घरी शून्य आलं तर मध्ये गळती आहे, असं समजून शोध सुरू करा. नळ बंद झाल्यावर पाईपमधला दाब उतरतो आणि फुटक्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. काही घरं नळाला थेट मोटर लावतात, तेव्हा हा ओढा आणखी वाढतो. मोटर जप्तीवरून भांडणं होतात, म्हणून मोटर लावणाऱ्याच्या शेजारच्या घरी टेस्ट करून तो निकाल ग्रामसभेत मांडा. नुसत्या दंडापेक्षा याचा परिणाम जास्त होतो. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं असतं. त्या पाच जणी कोण, त्यांचा संच कुठे आहे आणि त्यातली रसायनं मुदतीत आहेत का, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

अणुजैविक तपासणीसाठी निर्जंतुक बाटलीच वापरा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, बाटली काठोकाठ भरू नका. ठिकाण, तारीख, वेळ लिहा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर २४ तासांत, प्रयोगशाळेत पोचवा. अहवाल ‘दूषित’ आला आणि ग्रामपंचायतीला तो तीन आठवड्यांनी कळला तर त्याचा काही उपयोग नाही. आरोग्य सहाय्यकाने अहवालाचा फोटो त्याच दिवशी सरपंच आणि पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला पाठवायचा, असा ठराव करून ठेवा. दूषित अहवालानंतरचा क्रमही ठरलेला असावा: गळती बंद करणे, टाकी धुणे, वाढीव क्लोरीन, पुन्हा नमुना. पुन्हा नमुना घ्यायचाच राहून जातो, त्याची तारीख वहीत आधीच टाका.

पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल कार्ड आलं म्हणून आरोग्य सेवकावर राग काढू नका. सर्वेक्षणाचा भरलेला तक्ता मागून घ्या. कोणत्या दोषामुळे कार्ड लाल झालं ते त्यात असतं, आणि तीच तुमची कामांची यादी.

डास

डेंग्यूचा डास घराच्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत यायला त्याला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करायची. पाणी रोज येत असेल तर लोक भांडी रिकामी करतात. चार दिवसांनी येत असेल तर कुणी करणार नाही, आणि तिथे दोष लोकांचा नाही. म्हणून कोरडा दिवस त्या आळीच्या पाणी येण्याच्या वाराला, पाणी यायच्या आधी ठेवा. हे वेळापत्रक ग्रामपंचायतच करू शकते.

आरोग्य सेवक आणि आशा घरं तपासतात तेव्हा ४० घरांपैकी ६ घरांत अळ्या सापडल्या तर घर निर्देशांक १५ टक्के. तो आळीनिहाय फळ्यावर लिहा. धूर फवारणीची मागणी सगळीकडून येते, पण धुराने उडते डास तेवढे मरतात, अळ्या तशाच राहतात. गप्पी मासे वापरात नसलेल्या विहिरी, हौद, डबकी यांत सोडा. ओढ्या-नदीत सोडू नका, तिथल्या देशी माशांना त्यांचा त्रास होतो.

क्षयरोग, रक्तदाब, साखर

टीबीमुक्त ग्रामपंचायतीच्या निकषांत वर्षाला हजार लोकसंख्येमागे किमान ३० संशयितांची तपासणी आणि हजारी एक किंवा त्याहून कमी रुग्ण, असे दोन आकडे आहेत. दोन्ही एकत्र वाचायचे. २,४०० लोकांच्या गावात वर्षाला ७२, म्हणजे महिन्याला सहा जणांची तपासणी व्हायला हवी. तपासण्या दहा आणि रुग्ण शून्य असतील तर गाव टीबीमुक्त झालेलं नाही, तिथे शोधच झालेला नाही. प्रमाणपत्राच्या घाईत रुग्ण लपवले जाऊ नयेत याची काळजी सरपंचांनी स्वतः घ्यावी. दोन आठवड्यांवर खोकला, ताप, घटतं वजन असलेल्यांना तपासणीपर्यंत नेण्यासाठी गाडीभाडं, आणि रुग्णाच्या संमतीने निक्षय मित्रांकडून (क्षयरुग्णांना मदत करणारे दाते) पोषण आहार, हा पंचायतीचा वाटा. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झाले आहेत. खात्यात येत नसतील तर कारण बहुधा आधार जोडणीचं असतं, आणि ते काम ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार केंद्रचालकाने पुढे होऊन करून द्यावं.

रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीला पुरुष येत नाहीत, कारण उपकेंद्राच्या वेळेत ते शेतात किंवा कामावर असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेबल टाका किंवा दूध संकलन केंद्रावर सकाळी दोन तास बसा, संख्या लगेच वाढते. जागा, वीज आणि दवंडी पंचायतीची. यंत्र, गोळ्या आणि नोंद आरोग्याची. तपासणी मोठी झाली आणि पुढच्या महिन्यात गोळ्याच नसल्या तर लोकांचा विश्वास जातो. म्हणून शिबिराआधी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून साठा विचारा आणि रुग्णांच्या अंदाजाने मागणी नोंदवायला सांगा.

मुलं, माता आणि मनाचं आरोग्य

सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित. त्याला भूक नसेल, ताप किंवा सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागतं. आई जायला तयार नसते, कारण घरी दुसरी मुलं आणि बुडणारी मजुरी असते. त्या दोन आठवड्यांत घर कोण सांभाळेल याची सोय बचत गट आणि पंचायत सदस्य करू शकतात, डॉक्टर नाही. रुग्णवाहिकेचे क्रमांक: प्रसूतीसाठी १०२ आणि तातडीसाठी १०८. तरी रात्री गाडी पोचायला उशीर होतो अशा वस्त्यांसाठी गावातल्या तीन वाहनचालकांचे क्रमांक आशांकडे असू द्या.

टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ग्रामपंचायत, सोसायटी आणि कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. पीक गेलं, कर्ज थकलं की माणूस दवाखान्यात येत नाही, पण या तीन ठिकाणी येतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. तिची नोटीस पंचायतीने द्यावी आणि अंतर मोजताना मुख्याध्यापकांना सोबत घ्यावं.

पैसा

आरोग्याचा अबंधित निधी छोटा आहे, तो बारीकसारीक आणि तातडीच्या गोष्टींसाठी ठेवा: ओटीचं द्रावण, वजनकाट्याची दुरुस्ती, रुग्णाचं गाडीभाडं. खुर्च्या आणि फलकांत तो संपवू नका. मार्चमध्ये घाईने खर्च केलेला पैसा बहुतेक अशाच वस्तूंत जातो.

मोठी कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यातून येतात. नऊ संकल्पनांपैकी एक आरोग्यदायी गावाची आहे. वित्त आयोगाच्या निधीत पंधराव्या आयोगाच्या काळात ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठी राखीव होता, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. म्हणजे व्हॉल्व्ह चेंबर, जलवाहिनी, गटारं यांना त्यात थेट जागा होती. चालू वर्षाचं प्रमाण आराखडा करताना गटविकास कार्यालयाकडून तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के राखायचे असतात. उत्पन्न सहा लाख असेल तर ते ६०,००० आणि ३०,००० रुपये होतात. कोणत्या दिव्यांगाला काय साधन लागतं हे आशांना माहीत असतं. त्यांना न विचारता सरसकट वस्तू वाटल्या की त्या पडून राहतात.

आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून वेग घेतं, म्हणून आरोग्याची यादी सप्टेंबरच्या बैठकीतच तयार हवी. काम कसं लिहिलं आहे यावर त्याचं भवितव्य ठरतं. ‘आरोग्य सुविधा सुधारणे’ असं लिहिलेलं काम कुठल्याच शीर्षात बसत नाही. ‘खालची आळी, ६० मीटर फुटकी जलवाहिनी बदलणे, या भागात जून ते ऑगस्ट जुलाबाचे १४ रुग्ण’ असं लिहिलं की अंदाजपत्रकही बनतं आणि ग्रामसभेत कुणी विरोधही करत नाही. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत ही यादी आवर्जून वाचा.

साथ आली तर पहिले २४ तास

एकाच वस्तीत दोन दिवसांत जुलाबाचे तीन-चार रुग्ण दिसले की आशाने समुदाय आरोग्य अधिकारी आणि सरपंच दोघांनाही एकाच वेळी फोन करावा. त्या क्षणापासून दोन्ही बाजूंची कामं समांतर चालतात.

आरोग्य पथक घरोघर जाऊन रुग्णांची यादी करतं: वय, आळी, पाण्याचा स्रोत, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि वेळ. गावठाणाच्या नकाशावर रुग्णांची घरं आणि जलवाहिनी दोन्ही आखा. संशयित जागा बहुधा तासाभरात सापडते. वैद्यकीय अधिकारी तालुक्याला कळवतात, पाण्याचे आणि शौचाचे नमुने घेतात. पाण्याचा नमुना जादा टीसीएल टाकण्याआधी घ्या, नाहीतर कारण कधीच कळत नाही.

ग्रामपंचायत त्या ओळीचा पुरवठा थांबवते, टँकर किंवा दुसऱ्या स्रोताचं पाणी देते, पाणी उकळून पिण्याची दवंडी दिवसातून दोनदा देते आणि गळती खणायला लागते. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, हे प्रत्येक घरी सांगा. ग्लासभर पाण्यात पाकीट कालवणं ही नेहमीची आणि लहान बाळाला धोक्याची चूक आहे. शाळा, देवस्थानचा महाप्रसाद, लग्नघरं यांना वेगळी सूचना लागते. साथ जाहीर झाली तर गावाची बदनामी होईल म्हणून दोन दिवस थांबण्याचा सल्ला कुणीतरी देतोच. तो ऐकू नका, कारण त्या दोन दिवसांत रुग्ण वाढतात. शेवटचा रुग्ण बरा झाल्यावरही दोन आठवडे रोजची ओटी टेस्ट सर्व टोकांना चालू ठेवा.

बदली आणि निवडणुकीनंतर

डॉक्टर बदलतात, सरपंच बदलतात, आणि चांगली चाललेली बैठक तीन महिन्यांत बंद पडते. म्हणून दोन सारख्या फायली करा, एक उपकेंद्रात आणि एक ग्रामपंचायतीत. त्यात समितीचा ठराव, बँकेचा तपशील, वर्षभराची आकड्यांची पानं, कामांच्या वहीची प्रत, जलवाहिनीचा व्हॉल्व्हसह नकाशा, आणि पाणी तपासणीचे अहवाल ठेवा. रुग्णांच्या नावांची कोणतीही यादी या फायलीत नको. नवीन अधिकारी किंवा सरपंच रुजू झाले की पहिल्या आठवड्यात आशा आणि पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने त्यांना तो नकाशा हातात घेऊन गाव फिरवावं, शेवटच्या नळापर्यंत.